वाल्याने निदान घरी जाऊन विचारले होते

गुन्हेगार आपल्या गुन्ह्याविषयी स्वतः जे सांगतो ते कितपत खरे मानायचे, हा प्रश्न न्यायालयापुरता आहे असे आपण आजवर समजत आलो. तेथे साक्ष तपासायला उलटतपासणी असते, पुरावा असतो आणि दोन्ही बाजू ऐकून घेणारा न्यायाधीश असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र हा प्रश्न घराच्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे. अमेरिकी वाहिन्यांनी मालिकांचा एक नवा नायक घडवला आणि तो आता जगभर, आपल्या घरांतही, सहज वावरतो. तो खुनी असतो, फसवणूक करणारा असतो, अमली पदार्थांचा व्यापारी असतो. पण कथा त्याची असते, दुःख त्याचे असते आणि कारणेही त्यानेच सांगितलेली असतात. निकाल बहुधा त्याच्या बाजूने लागतो, कारण दुसऱ्या बाजूचा वकील त्या खोलीत हजरच नसतो.

आपल्या नाट्यशास्त्राला हे पात्र अपरिचित नाही. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे सांगितली आहेत. तो लोभी असतो, धीरोद्धत असतो, ताठर असतो, पापकर्मी आणि व्यसनी असतो. रामापुढे रावण आणि युधिष्ठिरापुढे दुर्योधन, ही त्याची ठळक उदाहरणे. आपल्या परंपरेत प्रतिनायक नायकाच्या समोर उभा असे, त्यामुळे त्याची उंची मोजायला एक माप उपलब्ध असे. आज तो नायकाच्याच आसनावर बसला आहे आणि त्याच्यासमोर कोणी उरलेले नाही. अशा वेळी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा राहत नाही. तो आपल्या विवेकाचा प्रश्न होतो.

या प्रकारच्या मालिकांमध्ये सर्वाधिक गाजलेले उदाहरण ‘ब्रेकिंग बॅड’चे. एएमसी या अमेरिकी वाहिनीवर जानेवारी २००८ ते सप्टेंबर २०१३ या काळात तिचे ६२ भाग प्रसारित झाले. मालिका संपून एक तप लोटले, तरी महाविद्यालयीन तरुणांमध्ये तिची मोहिनी ओसरलेली नाही. तिचे जनक व्हिन्स गिलिगन. नायक वॉल्टर व्हाइट हा न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की या शहरात माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा पन्नाशीचा गृहस्थ. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर तो मोटारी धुण्याच्या केंद्रात काम करतो. मुलगा जन्मतः अपंग, पत्नी दुसऱ्यांदा गरोदर, आणि अशातच फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान होते. हा मास्तर मग जेसी पिंकमन या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथॅम्फेटामिन नावाचे जीवघेणे अमली द्रव्य बनवू लागतो. कारण काय? आपल्यामागे कुटुंब उघड्यावर पडू नये!

मध्यमवर्गीय माणसाच्या काळजाला इतका थेट हात घालणारे दुसरे कारण शोधूनही सापडणार नाही. शिक्षकाची नोकरी, तुटपुंजा पगार, आजारपणाचा खर्च आणि मुलांची चिंता हे आपल्याच आळीतले चित्र आहे. पहिल्याच भागात वॉल्टर वाळवंटात उभा आहे. पोलीस येत आहेत अशा समजुतीने तो छोट्या कॅमेऱ्यापुढे आपल्या कुटुंबासाठी निरोप ध्वनिचित्रित करतो. माझ्याविषयी पुढे काहीही तुमच्या कानावर आले तरी माझ्या मनात फक्त तुम्हीच होतात, असा त्याचा आशय. प्रेक्षक त्या क्षणी त्याचा होतो, आणि पुढची पाच पर्वे त्या निरोपाच्या प्रकाशातच पाहतो.

हा निरोप खरा होता का? याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. पाचव्याच भागात वॉल्टरचे जुने सहकारी, एका कोट्यधीश कंपनीचे मालक असलेले दांपत्य, उपचाराचा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवते. ही कंपनी उभी करण्यात एकेकाळी वॉल्टरचाही वाटा होता. तो वाटा अवघ्या ५,००० डॉलरना विकून तो बाहेर पडला होता. आता प्रामाणिक मार्गाने जगण्याची वाट समोर उघडी असताना तो ती नाकारतो आणि पुन्हा त्या विषाच्या भट्टीकडे वळतो. अमेरिकेतील वैद्यकीय सेवेची महागाई, शिक्षकाला दुसरी नोकरी करावी लागते ही तेथील समाजाची शोकांतिका, हे सारे खरे आहे. त्या व्यवस्थेवर टीका जरूर व्हावी. परंतु वॉल्टरच्या गुन्ह्याचे कारण म्हणून ती पुढे करता येत नाही, कारण मालिकेनेच ते कारण पहिल्या पर्वात काढून घेतले आहे. उरतो तो दुखावलेला अहंकार. आपण श्रेष्ठ आहोत आणि जगाने आपली किंमत केली नाही, ही ठसठस.

दुसऱ्या पर्वाच्या आरंभी वॉल्टर एक हिशेब मांडतो. मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, संसाराचा खर्च असे सगळे जमेस धरून ७,३७,००० डॉलर मिळाले की आपण थांबू, असे तो म्हणतो. पुढे त्याच्याजवळ साठलेली रक्कम सुमारे ८ कोटी डॉलर भरते. पत्नी स्कायलर त्याला गोदामात नेऊन नोटांचा ढीग दाखवते आणि आणखी किती हवे, असे विचारते. तो ढीग तिने मोजणेही सोडून दिलेले असते. जो माणूस आपल्या गरजेचा आकडा स्वतः ठरवतो आणि तो शंभर पटींनी ओलांडूनही थांबत नाही, त्याच्या ‘गरज’ या शब्दावर कोणी विश्वास का ठेवावा?

तरीही लक्षावधी प्रेक्षकांनी तो ठेवला. याचे कारण कथनाच्या पद्धतीत आहे. कॅमेरा सतत ज्याच्या मागे असतो, त्याचे गुपित आपल्याला ठाऊक होते. आणि ज्याचे गुपित आपण राखतो, त्याचे आपण नकळत साथीदार होतो. तो पकडला जाऊ नये असे वाटू लागते, मग त्याला पकडू पाहणारा कर्तव्यदक्ष अधिकारी नकोसा होतो. वॉल्टरचा साडू हँक हा तर अमली पदार्थविरोधी विभागातील प्रामाणिक अधिकारी. पण तो सुगावा लावत जवळ येतो तेव्हा प्रेक्षकाची छाती चोराच्या काळजीने धडधडते. पाप एकदम अंगावर येत नाही, ते हप्त्याहप्त्याने येते, आणि प्रत्येक हप्त्याला प्रेक्षकाची मूक संमती घेतली जाते.

यातील सर्वांत बोलके प्रकरण चौथ्या पर्वाच्या अखेरीचे, २०११ मधले. जेसीच्या मैत्रिणीचा लहानगा मुलगा अचानक विषबाधेने अत्यवस्थ होतो. जेसीला वॉल्टरचा संशय येतो. तो पिस्तूल घेऊन जाब विचारायला येतो, आणि वॉल्टर असा काही निष्पाप, हताश चेहरा करून बोलतो की जेसीची खात्री पटते, हे काम दुसऱ्याच शत्रूचे. प्रेक्षकाचीही पटते. आपण तर या माणसाबरोबर सतत होतो, त्याने असे केले असते तर आपल्याला दिसले नसते का? पर्वाच्या शेवटच्या दृश्यात कॅमेरा वॉल्टरच्या अंगणातील एका कुंडीवर स्थिरावतो. त्या कुंडीत विषारी फुलझाड आहे. मूल त्यानेच आजारी पाडले होते. एका बालकाचा जीव त्याने आपल्या डावातील सोंगटी म्हणून वापरला, आणि ते आपल्यापासून लपवले. एखाद्याच्या तोंडून कथा ऐकताना तो काय सांगतो याबरोबरच तो काय गाळतो हेही त्याच्याच हाती असते, हा धडा त्या एका कुंडीत आहे.

पाचव्या पर्वात वॉल्टर पुन्हा एकदा कॅमेऱ्यासमोर बसतो. हँकला सत्य कळलेले असते. त्याचे तोंड बंद करण्यासाठी वॉल्टर एक कबुलीजबाब ध्वनिचित्रित करतो आणि त्यात हँकलाच टोळीचा सूत्रधार ठरवतो. डोळ्यांत पाणी, आवाजात कंप, तपशील अचूक. हँकच्या उपचारांचा १,७७,००० डॉलरचा खर्च वॉल्टरच्या पैशातून झाला होता, ही खरी गोष्टही तो पुरावा म्हणून त्यात गुंफतो. तपशील खरे आणि अर्थ खोटा, असा हा ‘नरो वा कुंजरो वा’चा अस्सल नमुना. आता या ध्वनिचित्रफितीशेजारी पहिल्या भागातील निरोप ठेवून पाहावा. माणूस तोच, कॅमेऱ्यात पाहण्याची रीत तीच, कुटुंबाचे नाव तेच. दुसरी फीत धडधडीत खोटी आहे हे आपण जाणतो; मग पहिली ऐकताना आपले डोळे का पाणावले होते?

प्रेक्षकांच्या या आंधळेपणाची किंमत एका स्त्रीला मोजावी लागली. स्कायलरची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून आपली व्यथा मांडली. त्यांच्या पात्राविषयीचा द्वेष इतका वाढला होता की तो प्रत्यक्ष त्यांच्यावर उलटला. स्कायलरचा गुन्हा कोणता? पैसा कुठून आला, असे तिने नवऱ्याला विचारले. तीही निष्कलंक नाही, पुढे ती त्या पैशाच्या व्यवहारात ओढली जातेच. पण विष बनवणारा नवरा लाडका आणि प्रश्न विचारणारी बायको कटकटी, हा निवाडा प्रेक्षकांनी दिला तो वॉल्टरच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे. आपल्याकडे रावणाला सीता परत करण्याचा सल्ला देणाऱ्या मंदोदरीला पंचकन्यांमध्ये स्थान आहे. पोटचा मुलगा असूनही दुर्योधनाला ‘विजयी भव’ म्हणण्याचे नाकारणारी, जय धर्माचाच होईल एवढेच सांगणारी गांधारी आपल्याला वंदनीय आहे. सहधर्मचारिणी या शब्दात धर्म मध्यभागी आहे. पतीच्या अधर्मात साथ देणे त्या शब्दात बसत नाही.

या टप्प्यावर मराठी वाचकाला वाल्या कोळ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वाल्मीकींच्या मूळ रामायणात ही कथा नाही, पण लोकपरंपरेने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. वाटमारी करणारा वाल्या प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकी. असे सात रांजण भरले. नारद भेटले तेव्हा वाल्याचे उत्तर तयार होते, हे सारे बायकामुलांसाठी करतो. नारदांनी त्याला उपदेश केला नाही, शाप दिला नाही, त्याचे म्हणणे खोटेही म्हटले नाही. त्यांनी फक्त एक परीक्षा सुचवली. ज्यांच्यासाठी करतोस त्यांना जाऊन विचार, या पापाचे वाटेकरी होणार का? वाल्या घरी गेला. आम्हांला पोसणे हे तुझे कर्तव्य, पाप तुझे तुलाच, असे घरच्यांनी सांगितले. तेथे त्याचे डोळे उघडले आणि वाल्याचा वाल्मीकी होण्याचा मार्ग मोकळा झाला.

प्रतिनायकाच्या शब्दाची याहून नेमकी उलटतपासणी जगातील कोणत्या कथेत असेल असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्या नावाने कृत्य केले त्यालाच साक्षीला बोलवायचे. योगायोग असा की वॉल्टरने वाळवंटात पुरलेली पिंपेही सातच आहेत. पण वाल्याच्या रांजणांत पापाची मोजदाद होती, वॉल्टरच्या पिंपांत नोटा आहेत. किती जीव गेले याची नोंद त्याने कधी ठेवली नाही. वाल्या निदान घरी जाऊन विचारून आला. वॉल्टरने पाच पर्वे तो प्रश्न टाळला, आणि उत्तर त्याच्यावर आदळले ते न विचारता. हँकचा बळी गेल्यानंतर घरात पतीपत्नीची झटापट होते. आपण एक कुटुंब आहोत, असे तो ओरडत असताना त्याचाच मुलगा आईला पाठीशी घालून पोलिसांना दूरध्वनी करतो. पुढे दूरच्या बर्फाळ प्रांतात लपलेला वॉल्टर मुलाला पैसे पाठवू पाहतो, तेव्हा मुलगा ते धुडकावून लावतो आणि तू अजून मरत का नाहीस, असे विचारतो. वाल्याच्या घरच्यांनी फक्त पाप नाकारले होते, वॉल्टरच्या मुलाने पैसाही नाकारला.

त्यानंतर तो पोलिसांच्या स्वाधीन व्हायला निघतो. पण समोरच्या दूरचित्रवाणी संचावर ते जुने कोट्यधीश दांपत्य कंपनीच्या उभारणीतील त्याचा वाटा नगण्य असल्याचे सांगताना दिसते, आणि तो उठतो. मुलाच्या शब्दाने खचलेला माणूस अहंकार डिवचताच ताठ उभा राहतो! अखेरच्या भागात, २९ सप्टेंबर २०१३ रोजी, तो स्कायलरपुढे कबूल करतो, हे मी माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते, त्यात मी निपुण होतो. या वेळी समोर कॅमेरा नाही, पदरात पाडून घेण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून ही साक्ष विश्वासार्ह. येथे गिलिगन यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी. एक साधा शिक्षक खलपुरुष कसा होतो हे दाखवण्याचे त्यांनी ठरवले होते आणि शेवटी सत्य त्याच्याच तोंडून वदवले. फसले ते प्रेक्षक, ज्यांनी ६२ व्या भागातले सत्य ऐकूनही पहिल्या भागातला निरोपच घरी नेला.

व्यासांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. महाभारतात दुर्योधनाला बोलू दिले आहे. मांड्या भंगलेल्या अवस्थेतही तो आपण कसे वैभवात जगलो, कसे क्षत्रियोचित मरण पत्करतो आहोत हे सांगतो, आणि त्याच्यावर पुष्पवृष्टी झाल्याचेही व्यास नोंदवतात. प्रतिनायकाच्या शौर्याची कदर करण्यात आपली परंपरा कृपण नाही. पण युद्धाच्या कथनाचे सूत्र दुर्योधनाच्या हाती दिलेले नाही. ते संजयाच्या हाती आहे, आणि संजय हा धृतराष्ट्राचा सेवक असूनही राजाला त्याची चूक पदोपदी ऐकवतो. कर्णाचे उदाहरण तर अधिक सूक्ष्म आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये मराठी मनात कर्णाविषयी अपार करुणा जागवली, तीही एकट्या कर्णाच्या तोंडून नव्हे, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि श्रीकृष्ण यांनाही बोलते करून. मूळ महाभारतातील कर्ण तर उद्योगपर्वात कृष्णापुढे मान्य करतो की दुर्योधनाला खूश करण्यासाठी आपण पांडवांना कठोर बोललो आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप आहे. युद्धापूर्वी, हाती सामर्थ्य असताना दिलेली ही कबुली आहे. कर्णाची महत्ता येथे आहे. वॉल्टरला तेवढ्यासाठी सर्वस्व गमवावे लागले.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. २०२० मध्ये आलेली ‘स्कॅम १९९२’ ही मालिका मुंबईच्या शेअर बाजारातील हर्षद मेहता प्रकरणावर होती. तिचा आधार, ज्या पत्रकार सुचेता दलाल यांनी ते प्रकरण एप्रिल १९९२ मध्ये उजेडात आणले, त्यांनी आणि देबाशिष बसू यांनी लिहिलेले पुस्तक होते. तरीही घरोघर पोहोचली ती ‘बिग बुल’ची ऐट आणि त्याचे चटकदार संवाद. त्या घोटाळ्यात गुंतलेली आपल्या सातारा जिल्ह्यातील बँक ऑफ कराड त्याच वर्षी अवसायनात निघाली, ही गोष्ट किती जणांच्या स्मरणात आहे? ऐटदार माणसाची बाजू ऐकताना ठेवीदाराची बाजू ऐकू येत नाही, हा अनुभव आपल्याही घरचा आहे.

यावर उपाय काय? अशा मालिकांवर बंदी घाला, अशी मागणी करणे सोपे आहे. परंतु जी कथा अखेरीस अहंकाराचा बुरखा फाडते तिच्यावर बंदी घालून आपण काय साधणार? ज्या समाजाने रावणाचे पांडित्य आणि दुर्योधनाचे शौर्य मान्य करूनही त्यांच्या बाजूला जायचे नाकारले, त्याला अशा कथांचे भय बाळगण्याचे कारण नाही. बंदीपेक्षा संवाद अवघड असतो, आणि अधिक टिकाऊ. घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी अशी मालिका पाहत असेल तर आईवडिलांनी शेजारी बसावे आणि नारदांचा प्रश्न विचारावा. हा सांगतो ते कोणी तपासले? ज्यांच्या नावाने हा हे करतो ते काय म्हणतात? जे मेले त्यांची बाजू कोणी सांगितली? नीतीच्या दहा व्याख्यानांनी साधणार नाही ते अशा एका चर्चेने साधेल.

पण हा प्रश्न मुलांना विचारण्याचा अधिकार ज्याने तो स्वतःला विचारला आहे त्यालाच. टेबलाखालून पाकीट घेणारा अधिकारी ते मुलांच्या शिक्षणासाठी घेतो. भेसळ करणारा व्यापारी संसारासाठी करतो. मुलाच्या प्रवेशासाठी काळा पैसा मोजणारा बाप मुलाच्या भवितव्यासाठी मोजतो. आपल्या समाजात कुटुंब हे परम मूल्य आहे, म्हणूनच कुटुंबाच्या नावाखाली खपवलेले पाप आपल्याकडे सर्वांत सहज क्षम्य ठरते. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यायला हवे. ज्या घरात पैसा कुठून आला हे विचारण्याची बायकोला आणि मुलांना मुभा नाही, त्या घराला आपण कितीही संस्कारी म्हटले तरी तेथे स्कायलरची घुसमट आहे.

सार्वजनिक कार्यातील माणसालाही यातून सुटका नाही. त्याचा शब्द ‘कुटुंबासाठी’ नसतो, ‘समाजासाठी’, ‘कार्यासाठी’ असतो. तो शब्द अधिक उदात्त, म्हणून अधिक निसरडा. पदाला चिकटून राहणारा ते कार्यासाठी राहतो, सहकाऱ्याला डावलणारा तेही कार्यासाठी डावलतो. डॉ. हेडगेवारांनी व्यक्तीला गुरुस्थानी न ठेवता भगव्या ध्वजाला ठेवले, त्यामागे मनुष्यस्वभावाची ही अचूक जाण होती. माणूस कितीही मोठा असो, तो स्वतःविषयी जे सांगतो ते माप होऊ शकत नाही. माप त्याच्याबाहेर असावे लागते. म्हणून कार्यकर्त्याने अधूनमधून ज्या वस्तीसाठी आपण झिजतो असे तो मानतो त्या वस्तीत जाऊन, ज्या घराला आपण वेळ देत नाही त्या घरी बसून, वाल्याचा प्रश्न विचारावा. उत्तर गोड असेलच असे नाही.

रांजणात पडणाऱ्या प्रत्येक खड्याचा आवाज होतो. तो ऐकू येतो तोवर परतीची वाट मोकळी असते.